चार आट्यांचं पाणी

एप्रिल लागला तसं गावाकडून पाण्याचं रडगाणं सुरू झालं. यंदा ते ऐकायला शंकरराव गावात नव्हते, एवढाच फरक. पिंपळधऱ्याच्या ग्रामपंचायतीत अठ्ठावीस वर्षं पाणी सोडायचं काम करून ते जानेवारीत निवृत्त झाले आणि मार्चमध्ये बायकोला घेऊन अमेरिकेत, मॉरिसव्हिलला मुलाकडे येऊन पडले. ‘येऊन पडलो’ हा त्यांचाच शब्द. प्रफुल्लला मुलगी झाली होती, सून सोनल बाळंतीण, तेव्हा येणं भागच होतं. गिरजाबाईंना इथं श्वास घ्यायला फुरसत नव्हती. बाळाला तेल, आंघोळ, शेक, सोनलचं खाणंपिणं यातच त्यांचा दिवस मोडायचा आणि कंबर धरायची. शंकररावांच्या वाट्याला बाटल्या धुणं, दुपट्यांच्या घड्या आणि कचरा टाकून येणं आलं. त्यात तासभर गेला की उरलेला दिवस अंगावर यायचा.

बाहेर पाइनच्या झाडांच्या परागांचा पिवळा भुगा पडत होता. गाड्या, पायऱ्या, खिडक्यांच्या चौकटी, सगळं हळद सांडल्यासारखं. शंकरराव रोज सकाळी फडकं ओलं करून पायऱ्या पुसायचे आणि दुपारपर्यंत त्या पुन्हा पिवळ्या व्हायच्या. या कामाला अंत नव्हता आणि कोणी सांगितलंही नव्हतं. पण अठ्ठावीस वर्षं लोखंडी चावी फिरवून एक खांदा कायमचा खाली आलेला माणूस सोफ्यावर बसून करणार काय?

रोज संध्याकाळी आठला त्यांची नजर घड्याळाकडे जायची. गावात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असत, आणि साडेपाच ही पाणी सुटायची वेळ. हातात बाळ असलं तरी त्यांचं उजवं मनगट जरा हलायचं. गिरजाबाईंनी ते पाहिलं होतं.

अशाच एका मंगळवारी, त्या वेळेनंतर अर्ध्या तासात, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रवींद्रचा व्हिडिओ आला. रवींद्र म्हणजे त्यांच्या जागेवर आलेला नवा माणूस, गावठाणातला, आयटीआय केलेला, कामाला वाईट नव्हता. चौकात पेव्हर ब्लॉक बसवायला खोदकाम चाललं होतं आणि जेसीबीला मुरमाखाली एक जुना व्हॉल्व्ह लागला होता. गावात त्याला नुसतं वॉल म्हणतात. रवींद्र कॅमेऱ्याकडे बघून सांगत होता की हा वॉल वर्षानुवर्षं जवळजवळ बंद अवस्थेत पडून होता, कोणालाच माहीत नव्हता, आणि आज त्यानं तो पूर्ण उघडला. मग गावठाणातला एक नळ दाखवला. पाणी बादलीत असं आदळत होतं की बादली सरकत होती. खाली अभिनंदनाची रांग लागली. उपसरपंचांनी तर ‘काम करणारा माणूस आला की फरक दिसतो’ असं लिहून टाकलं.

तो वॉल पडून नव्हता. तो त्यांनीच बसवला होता.

एकोणीस वर्षांपूर्वी गावात नवी टाकी झाली तेव्हा ठराव झाला की गावठाण आणि भीमनगर, दोघांना एकाच वेळी पाणी सोडायचं. कागदावर ठराव फार चांगला होता. पण गावठाण उतारावर, भीमनगर चढावर. दोन्ही लाइनी पूर्ण उघड्या ठेवल्या की पाणी सगळं खाली पळायचं आणि भीमनगरच्या नळांना नुसती हवा यायची. गावठाणाचा वॉल चौकातल्या चेंबरमध्ये होता. शंकररावांनी तो जरा आवळला की तासाभरात कोणीतरी येऊन पुन्हा सताड उघडून जायचं. वर ऐकवायचं, तू तुझ्या लोकांकडं ओढतोस. शंकरराव भीमनगरचेच, त्यामुळं हे वाक्य चिकटायचं.

मग एका फिटरला हाताशी धरून त्यांनी चेंबरच्या पुढं दहा फुटांवर, त्याच लाइनीत, पंचायतीच्या गोदामात पडलेला जुना वॉल बसवला. वर शहाबादी फरशी, फरशीवर मुरूम. तो पूर्ण उघडायला चावीचे अठरा फेरे, म्हणजे अठरा आटे लागायचे. महिनाभर ते कधी गावठाणातल्या शेवटच्या नळापाशी, कधी भीमनगरच्या शेवटच्या घरापाशी घड्याळ धरून उभे राहिले. चार आटे उघडा ठेवला की दोन्हीकडं हंडा अडीच मिनिटांत भरतो, हे त्यांना सापडलं. तिथंच त्यांनी वॉल सोडला. पुढं एकोणीस वर्षं गावठाणातले लोक चेंबरमधला वॉल हौसेनं सताड उघडत राहिले आणि समाधानानं घरी जात राहिले. फिटर पुढं वारला. आता ही गोष्ट शंकरराव आणि गिरजाबाई सोडून पृथ्वीवर कोणाला ठाऊक नव्हती.

रवींद्रला चावी सोपवताना सांगावं असं मनात येऊन गेलं होतं. पण सांगायचं म्हणजे कबूल करायचं. तेवढी छाती झाली नाही. वॉल जमिनीखाली आहे, राहील तसाच, असं म्हणून ते विमानात बसले. आणि आता व्हिडिओ पाहूनही ते गप्पच बसले. ही त्यांची चूकच होती, आणि ती त्यांना त्याच क्षणी कळत होती.

गुरुवारी कॉलनीच्या कोपऱ्यावर एक ट्रक येऊन थांबला. नारिंगी जाकीट घातलेल्या एका माणसानं आगीच्या बंबासाठीच्या खांबाला पाना लावला आणि फिरवायला लागला. शंकरराव कचरा टाकून परत येत होते, ते जागच्या जागी उभे राहिले. तोंडातल्या तोंडात मोजायला लागले. बारा, तेरा, चौदा. पाणी धो धो रस्त्यावर आलं, कडेकडेनं वाहत गटारीच्या जाळीत जायला लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माणूस शांतपणे फोन बघत होता. पाइपातला गाळ धुवायला हे करावं लागतं, हे शंकररावांना त्या माणसाइतकंच कळत होतं. गावातही वर्षातून एकदा ते लाइन अशीच धुवायचे, फक्त पाच मिनिटं, आणि तेव्हाही शेवटाला बायका घागरी घेऊन उभ्या असायच्या.

पंधराव्या मिनिटाला त्यांना राहवलं नाही. ते घरात गेले, गॅरेजमधल्या दोन बादल्या आणल्या आणि धारेखाली धरल्या. तो माणूस हसला, हातानं पिण्याची खूण करून मान हलवली. शंकररावांनी समोरच्या झाडांकडे बोट दाखवलं. त्यानं खांदे उडवले. मग शंकररावांनी चार खेपा केल्या. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला, खांदा दुखायला लागला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. शेजारची हिमानी, पुण्याची, बाळाला बघायला आली आणि हसत हसत सोनलला म्हणाली की काका रस्त्यावरून बादल्या भरत होते, तुमच्याकडे पाणी येत नाही की काय. कोणीतरी कॉलनीच्या ग्रुपवर फोटोही टाकला होता म्हणे. सोनल बिचारी चहा करता करता लाल झाली. मग हिमानीनं सहज विचारलं, काका काय करायचे? प्रफुल्ल लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, “ही वॉज इन द वॉटर डिपार्टमेंट. सीनियर लेव्हल.”

शंकरराव आतल्या खोलीत ओला पायजमा बदलत होते. भिंती पातळ, सगळं ऐकू आलं. पोरानं आपल्याला बढती दिली, याचं त्यांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. आपलं काम पोराला सांगण्यासारखं वाटत नाही, ते छातीत जाऊन रुतलं.

शनिवारी सकाळी साडेआठला रुपालीचा फोन आला. रुपाली भीमनगरमधून निवडून आलेली पंचायत सदस्य, तिशीतली, शंकररावांना मामा म्हणणारी. बाळाची चौकशी तिनं एका वाक्यात उरकली.

“मामा, आज चौथा दिवस. नळ नुसता फुसफुसतोय. बाया गावठाणात हंडे घेऊन जायल्यात, तर तिथं बोलणी खायल्यात.”

पुढचं ती आवाज खाली आणून बोलली. संडास सगळे बंद होते. ओतायला पाणी नाही म्हटल्यावर लोकांनी कुलपं घातली होती, आणि बाया पुन्हा अंधारात माळावर जायला लागल्या होत्या. काल तिची सासू माळावर पडून हात मोडून घेऊन आली. पंचायतीत तिनं विषय काढला तर उपसरपंच म्हणाले, गावठाणाला मिळतंय आणि तुम्हाला नाही, तर तुमच्या लाइनीत दोष असेल, अर्ज करा.

“त्यो वॉल तुम्हीच आवळला व्हता ना, मामा?” तिनं विचारलं. “मला तवाच कळलं. तुम्ही असताना कसं बराबर येत व्हतं.”

शंकरराव उठले आणि त्यांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं.

मग तिनं खरं काम सांगितलं. आपल्या पाचसहा पोरांनी ठरवलंय. खोदकाम अजून उघडंच आहे, पेव्हर बसायला आठवडा आहे. सोमवारी पहाटे चारला जाऊन वॉल आवळायचा. तुम्ही फक्त आटे सांगा.

चौकात चारला माणसं उठलेली असतात. चावी हातात घेतलेली भीमनगरची पोरं गावठाणाच्या वॉलपाशी सापडली, तर पुढं काय होईल हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. डोकी फुटतील, मग केसेस, मग वर्षानुवर्षं तालुक्याच्या खेपा. आणि आपण इथं पायऱ्या पुसत बसलेलो.

“पोरांना थांबव,” ते म्हणाले. “सोमवारी जाऊ देऊ नको. मी बघतो.”

“तिथून काय बघताव, मामा?” रुपाली म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती फक्त थकली होती.

जेवताना त्यांनी प्रफुल्लला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. प्रफुल्ल घास हातात धरून ऐकत राहिला. लहानपणी आपल्या घरी नळाला पाणी कसं यायचं, हे त्याला आज कळत होतं. मग त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला.

“बाबा, याला प्रेशर बॅलन्सिंग म्हणतात. इट्स स्टँडर्ड. मी एक रिपोर्ट बनवतो, डायग्राम टाकतो, बीडीओला मेल करतो. तुमचं नाव कशाला यायला पाहिजे त्यात?”

“मेल वाचून कवा येईल त्यो?”

“दोनतीन वीक्स. पण प्रॉपर होईल.”

“सोमवारी पोरं जायलीत.”

प्रफुल्ल चिडला. पोरांना पोलिसांकडून थांबवा म्हणाला, रुपालीला समजावा म्हणाला, आणि शेवटी म्हणाला की तुम्ही यात पडूच नका, रिटायर झालात, सुटलात. तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही, पण तुम्ही ते तोंडानं बोललात की तिथं ती चोरी ठरेल.

“तेच म्हणतोय,” शंकरराव म्हणाले. “तू लिवलं तर शास्त्र. म्या केलं तर चोरी. आणि मेल तू करशील तरी त्यो वॉल कुणी बसवला, हे लोक इचारणारच की.”

गिरजाबाई बाळाला मांडीवर थोपटत होत्या. आता म्हणाल्या, “आपल्याला सप्टेंबरात परत तिथंच जायचंय. गेल्या एकोणीस वर्सांत कुणी बोट दाखवलं न्हाई. आता म्हातारपणी कशाला?”

सोनल उठली आणि शंकररावांच्या ताटात गरम भाकरी टाकून गेली. बाळंतिणीनं भाकरी थापली म्हणून एरवी गिरजाबाई रागावल्या असत्या.

त्या रात्री शंकरराव झोपले, पण झोप नीट लागली नाही. रविवारी सकाळी नऊला, म्हणजे गावात दिवेलागणीला, त्यांनी रवींद्रला फोन लावला. रवींद्रनं मामा म्हणून आदरानं घेतलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की त्याला शंका आली होती, कारण इतकी वर्षं पडून असलेल्या वॉलच्या आट्यांना ग्रीस ताजं होतं.

“मामा, मी उद्या चार आटे करतो. मला काय, माझं काही जात न्हाई. पण गावठाणात धार बारीक झाली की मला उभं फाडतील. मी म्हणू काय? वॉल सापडला म्हणून मीच नाचलोय. तुम्ही ग्रुपवर बोला. तुमच्या तोंडून येऊ द्या, मग मी तुमच्या नावावर फिरवतो.”

त्याचं काही चुकत नव्हतं. खापर कोणाच्या तरी डोक्यावर फुटणार होतं, आणि त्याचं म्हणणं एवढंच की ते आपल्या नको.

शंकररावांनी फोन ठेवला, अंगात सदरा घातला, वरचं बटण लावलं. कोणी बघणार नव्हतं तरी. व्हॉइस मेसेज पाठवायचा होता. पहिल्या वेळी नाव सांगतानाच बटणावरचं बोट सुटलं. दुसऱ्या वेळी बाळ रडलं. तिसऱ्या वेळी ते बाहेर पायरीवर जाऊन बसले, पिवळ्या भुग्यावर, आणि बोलले.

आपलं नाव सांगितलं, कधीपासून कधीपर्यंत काम केलं ते सांगितलं. दोन्ही टोकांना हंडा भरायला किती वेळ लागतो ते सांगितलं. कोणीही घड्याळ घेऊन मोजावं म्हणाले. मग म्हणाले, “त्यो वॉल खराब नव्हता. म्या आवळला व्हता. रवींद्रला ठाऊक न्हवतं, भीमनगरात कुणाला ठाऊक न्हवतं. जे बोलायचं ते मला बोला. उद्या रवींद्र चार आटे ठेवील, त्याला आडवू नका.”

मेसेज गेला. शंकरराव फोन मांडीवर ठेवून बसले. ऐकल्याच्या निळ्या खुणा वाढत गेल्या. एकशे बारा माणसं त्या ग्रुपवर होती. कोणी चकार शब्द लिहिला नाही. डोक्यावरून एक विमान उतरायला खाली आलं, आवाज करत गेलं. दुपारी त्यांनी पुन्हा फोन उघडला तेव्हा ॲडमिननं त्यांना ग्रुपमधून काढलेलं होतं.

त्यांना राग आला नाही, अपमान मात्र झाला. दहावीस वर्षं ज्यांच्या दारात उभं राहून त्यांनी गळती काढली, नळाच्या चकत्या बदलल्या, त्यातल्या एकालाही तोंडावर शिवी द्यावीशी वाटली नाही. प्रफुल्लनं स्क्रीन पाहिली. मग तो वडिलांच्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, “हिमानीला मी चुकीचं सांगितलं, बाबा. आय विल टेल हर.”

“राहू दे,” शंकरराव म्हणाले. “तिला काय करायचंय.”

पण त्यांना ते ऐकून बरं वाटलं होतं.

संध्याकाळी आठ वाजले. गावात साडेपाच. शंकरराव उठले, घरातल्या घरात फेऱ्या मारायला लागले. पोरं गेली असतील का थांबली असतील, रवींद्रनं हात लावला असेल का आयत्या वेळी कच खाल्ली असेल. अठ्ठावीस वर्षं पाणी त्यांच्याच हातानं सुटलं होतं, आणि आज ते सुटलं की नाही हे कळायला फोनची वाट बघायची होती. रुपालीला दोनदा फोन लावला. उचलला नाही. रवींद्रचाही लागला नाही. गिरजाबाईंनी बाळाला त्यांच्या हातात दिलं, म्हणाल्या, धरा जरा, फिरायचंच आहे तर हिला घेऊन फिरा. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. बाळ खांद्यावर झोपलं. त्या खाली आलेल्या खांद्यावर तिचं डोकं बरोबर बसत होतं.

रुपालीचा फोन आला तो सोमवारी सकाळी. शंकररावांनी तो स्पीकरवर टाकला, कारण गिरजाबाई ताट बाजूला सारून समोर येऊन बसल्या होत्या.

पाणी आलं होतं. पावणेसहाला पहिल्या घराला आणि सहाला शेवटच्या घराला. पोरं गेली नव्हती. चौकात साठसत्तर माणसं जमली होती, पण रवींद्रनं सगळ्यांसमोर वॉल बंद केला आणि मोठ्यानं मोजत चार आटे उघडला. कोणी धरायला आलं की म्हणायचा, शंकररावांना विचारा, हंडा लावून मोजा. दोघांनी खरंच हंडा लावून मोजलं. मग शिव्या सुरू झाल्या, पण त्या रवींद्रला नव्हत्या.

“संडास उघडले का गं?” शंकररावांनी विचारलं.

“उघडले. सगळ्यांनी पिंप भरून ठिवलेत.”

एवढं सांगून रुपाली अडखळली. गिरजाबाईंनी ते ओळखलं. त्या पुढं वाकल्या, म्हणाल्या, “बोल की. आमच्या घराचं काय झालं?”

“घराला काय न्हाई, मामी. दारावर राती कुणीतरी लिवलंय. लाल रंगानं. पाणीचोर म्हणून.”

सोनल बाळाला घेऊन दारात उभी होती. प्रफुल्लनं डोळे मिटून घेतले. गिरजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पदरानं पुसलं नाही.

“आम्ही बाया गेलो व्हतो,” रुपाली घाईघाईनं सांगत होती. “पाणी आलं तसं पहिल्या बादल्या तिथंच नेल्या. धा बायांनी घासलंय, मामा. निरमा लावून घासलंय. ऑइल पेंट हाय, बेणं निघंना. निम्मं निघालंय. उद्या परत बादल्या घेऊन जातो.”

शंकररावांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला.

“त्याच्यावर पाणी घालवू नका गं,” ते म्हणाले. “भांडी भरून ठिवा.”